नकाराची नोंद : पायथॉनच्या सुधारणाप्रस्तावांची चिकित्सा

मुक्तस्रोत संगणकप्रणालींची चर्चा बहुधा दोन अंगांनी होते. एक अंग किमतीचे, दुसरे स्वातंत्र्याचे. प्रणाली फुकट मिळते आणि तिचा मूळ कोड पाहता व बदलता येतो, या दोन गोष्टींवर भर देऊन विवेचन थांबते. या दोहोंइतकेच महत्त्वाचे असे तिसरे अंग मात्र दुर्लक्षित राहते. वर्षानुवर्षे लाखो लोकांच्या वापरात असलेल्या साधनात बदल सुचवायचा तो कोणी, कोणापुढे आणि कोणत्या रीतीने? स्वतःच्या यंत्रावर उतरवून घेतलेल्या प्रतीत हवा तो फेरफार करण्यास परवाना आडकाठी करीत नाही. परंतु तोच फेरफार मूळ साधनात, सर्वांसाठी आणि कायमचा व्हावा अशी अपेक्षा धरली, की प्रश्न परवान्याचा राहत नाही. तो संस्थेचा होतो. सूचना करणाऱ्याचे काम एका संध्याकाळचे असू शकते. ती स्वीकारणाऱ्या देखभालकर्त्यांचे काम त्या साधनाच्या आयुष्याइतके लांबते. दस्तऐवज लिहिणे, चुका दुरुस्त करणे, जुन्या आज्ञावली मोडू न देणे हे सारे त्यांच्या वाट्याला येते आणि तोवर मूळ सूचक कित्येकदा दुसऱ्या उद्योगाला लागलेला असतो.

या विषमतेला तोंड देण्यासाठी पायथॉन या संगणकभाषेच्या विकसकांनी जी प्रस्तावपद्धती घडविली, तिची चिकित्सा येथे केली आहे. ही पद्धती तिने घडवून आणलेल्या सुधारणांमुळे ओळखली जाते. तिचे खरे मोल मात्र तिने कारणांसह जपून ठेवलेल्या नकारांत आहे, असे प्रस्तुत विवेचनाचे प्रतिपादन आहे. तिच्या मर्यादाही त्याच ठिकाणी उघड्या पडतात. कारणे लिहून ठेवल्याने वाद समजतो. निर्णयाचा अधिकार कोणाचा आणि निर्णयाचा भार कोणावर, हे त्याने ठरत नाही.

प्रस्तावाचा घाट

गिडो व्हान रॉसम यांनी डिसेंबर १९८९ मध्ये ॲमस्टरडॅम येथील सीडब्ल्यूआय या गणित व संगणकशास्त्राच्या संशोधन संस्थेत पायथॉनच्या निर्मितीस आरंभ केला आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये तिची पहिली आवृत्ती लोकांसमोर आली. पहिल्या दशकात बदलांची चर्चा पत्रव्यवहारातून होई आणि निर्णय व्हान रॉसम देत. वापर वाढला तशी ही रीत अपुरी पडू लागली. तीच सूचना नव्या माणसाकडून पुन्हा येई आणि तीच उत्तरे पुन्हा द्यावी लागत. २००० साली यावर उपाय म्हणून ‘पायथॉन एन्हान्समेंट प्रपोझल’, आद्याक्षरांनी ‘पेप’, हा दस्तऐवजप्रकार सुरू झाला. बॅरी वॉर्सॉ, जेरेमी हिल्टन, डेव्हिड गुडजर आदींच्या नावे असलेला पहिला पेप हा पेप कसा लिहावा याचाच पेप आहे. इंटरनेटच्या जडणघडणीत १९६९ पासून चालत आलेल्या ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’ या क्रमांकित टिपणांच्या परंपरेशी त्याचे नाते उघड आहे.

पेपची अंगे ठरलेली आहेत. सारांश, प्रेरणा, तात्त्विक भूमिका, तांत्रिक तपशील, जुन्या आज्ञावलींवर होणारा परिणाम, सुरक्षेचा विचार, ही नवी गोष्ट शिकवावी कशी याचे विवेचन, नमुना अंमलबजावणी, आणि नाकारलेल्या कल्पना. अध्यापकवर्गाने यातील ‘शिकवावी कशी’ या अंगाकडे विशेष लक्ष द्यावे. ते प्रस्तावात असावे अशी अपेक्षा ठेवणारी नियमावली विरळा. तथापि या घाटाचे वैशिष्ट्य शेवटच्या अंगात आहे. एकमत घडविण्याची आणि विरोधी मतांची नोंद करण्याची जबाबदारी पहिला पेप प्रस्तावाच्या लेखकावरच टाकतो. मागणी करणाऱ्याने मागणीविरुद्धचे पुरावेही स्वतःच सादर करावेत, असा हा दंडक आहे.

भारतीय शास्त्रपरंपरेशी परिचित असलेल्या वाचकाला येथे पूर्वपक्षाची आठवण होणे स्वाभाविक आहे. आपला सिद्धान्त मांडण्यापूर्वी प्रतिपक्षाचे म्हणणे मांडावे ही शास्त्रकाराची शिस्त होती. फरक आहे तो असा, की शास्त्रग्रंथातील पूर्वपक्ष सिद्धान्तीच लिहितो, त्यामुळे तो दुबळा करून मांडण्याचा मोह त्याला होऊ शकतो. पेपचा पूर्वपक्ष जिवंत असतो. तो मसुदा वाचत असतो आणि आपले म्हणणे नीट आले नाही असे वाटले तर दुसऱ्याच दिवशी तक्रार करतो.

फेटाळलेला किंवा मागे घेतलेला पेप नष्ट होत नाही. त्याचा क्रमांक कायम राहतो आणि मान्य प्रस्तावांच्याच यादीत तो ‘अस्वीकृत’ अशा शेऱ्यासह वाचावयास मिळतो. या सोयीचे सर्वांत मार्मिक उदाहरण म्हणजे २००१ सालचा ६६६ क्रमांकाचा पेप. पायथॉनमध्ये ओळींचे समास अर्थपूर्ण असल्याने ते टॅबने पाडावेत की मोकळ्या जागांनी, यावर सतत वाद होत असत. लॉरा क्रायटन यांनी या वादावर लिहिलेला प्रस्ताव फेटाळला जावा याच हेतूने लिहिलेला होता. तो मान्य झाल्यास कोणाला तरी प्रचंड काम करावे लागेल, पण तो मान्य व्हावा अशी आपली इच्छाच नसल्यामुळे त्याची आपल्याला फिकीर नाही, अशा आशयाचे त्याचे शेवटचे वाक्य आहे. विनोद बाजूला ठेवला तरी त्यातील जाण खरी आहे. आपल्या सूचनेने दुसऱ्यावर किती काम पडेल याचा हिशेब गंभीर प्रस्तावांतही दर वेळी इतक्या स्वच्छपणे आढळत नाही.

ज्ञानव्यवहाराच्या परिचित पद्धतींशी तुलना केली असता या नोंदीचे महत्त्व अधिक स्पष्ट होते. संशोधनपत्रिकेने नाकारलेला लेख आणि त्यावरील समीक्षकांचे अभिप्राय लेखक-संपादकांच्या पत्रव्यवहारातच राहतात. तोच प्रमाद दुसरा अभ्यासक दुसऱ्या पत्रिकेकडे घेऊन जातो. अभ्यासमंडळांच्या इतिवृत्तांत ‘चर्चेअंती ठराव मंजूर’ एवढी ओळ सापडते. चर्चा काय झाली आणि कोणता पर्याय कोणत्या कारणाने मागे पडला, हे पाच वर्षांनी नवा अभ्यासक्रम आखणाऱ्यांना कळण्याचा मार्ग उरत नाही. निर्णयाची नोंद ठेवणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत, पण निर्णयाच्या कारणांची नोंद ठेवणाऱ्या थोड्याच.

२००३ चा नकार

नकार जपून ठेवल्याने प्रत्यक्षात काय साधते, याचा दाखला ३०८ क्रमांकाच्या पेपमध्ये मिळतो. व्हान रॉसम आणि रेमंड हेटिंजर यांच्या नावावरील हा २००३ चा प्रस्ताव एकाच पदावलीत अट आणि तिचे दोन पर्याय लिहिता यावेत, एवढ्यापुरता होता. अशी सोय नसल्यामुळे लोक ‘अँड’ आणि ‘ऑर’ या तार्किक शब्दांची जोडणी करून काम भागवीत आणि त्यात फसत. समजा, विद्यार्थी उपस्थित असेल तर त्याचे गुण आणि नसेल तर ‘गैरहजर’ असा शेरा छापावयाचा आहे. ‘उपस्थित अँड गुण ऑर गैरहजर’ अशी रचना केली तर ती बहुतेकांच्या बाबतीत बरोबर चालते. पण उपस्थित राहून शून्य गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यापुढे ‘गैरहजर’ असे छापले जाते, कारण पायथॉन शून्याला असत्य मानतो. चूक क्वचित घडते आणि म्हणूनच ती दीर्घकाळ लपून राहते.

गरज खरी होती, याविषयी फारसा मतभेद नव्हता. मतभेद रूपाविषयी होता. अनेक पर्याय पुढे आले, मतदान झाले आणि कोणत्याही एका रूपाला बहुमत मिळाले नाही. प्रस्ताव फेटाळला गेला. फेटाळण्याचे कारण पेपच्या मजकुरातच लिहिलेले आहे. बदलाच्या बाजूने निर्णायक बहुमत नाही, आणि मार्गाविषयी शंका असेल तेव्हा आहे ती स्थिती कायम ठेवावी हे पायथॉनच्या रचनेचे एक तत्त्व आहे. सप्टेंबर २००५ मध्ये व्हान रॉसम यांनी स्वतः एक रूप निवडले आणि २००६ च्या २.५ आवृत्तीत ते दाखल झाले. पर्याय, त्यांचे गुणदोष आणि मतदानाचा कौल आधीच लिखित असल्यामुळे चर्चा शून्यापासून सुरू करावी लागली नाही. नकाराने प्रश्न मिटवला नव्हता. मधल्या अडीच वर्षांसाठी तो मांडून ठेवला होता.

निवडलेल्या रूपाविषयी मराठी वाचकाला एक गोष्ट जाणवल्याशिवाय राहणार नाही. ‘क्ष, जर अट, नाहीतर य’ अशा या रचनेत अट मधोमध येते. इंग्रजी बोलीत हा क्रम अगदी सहज आहे. मराठीत ‘जर’ने आरंभ होऊन ‘तर’ने उत्तर येते, म्हणून प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला ही ओळ उलटी वाटते. संगणकभाषेच्या ‘वाचनीयतेची’ चर्चा ज्या कानांना प्रमाण मानून होते ते कान कोणत्या भाषेवर पोसलेले आहेत, हा प्रश्न या प्रस्तावांत सहसा उपस्थित होत नाही.

स्वतःचा प्रस्ताव फेटाळण्याचेही उदाहरण व्हान रॉसम यांनी घालून दिले. ‘स्विच’ या बहुपर्यायी विधानाविषयीचा ३१०३ क्रमांकाचा पेप त्यांनीच २००६ मध्ये लिहिला. २००७ च्या पायथॉन परिषदेतील भाषणात त्यांनी श्रोत्यांचा कौल घेतला, पाठिंबा नाही असे पाहून तो मागे सारला आणि कारणही तेथेच नोंदविले. त्याच्याशी नाते सांगणारी, पण पुष्कळ व्यापक अशी आकृतिबंध जुळविण्याची सोय २०२१ च्या ३.१० आवृत्तीत आली. तिचा मूळ प्रस्ताव इतका विस्तारला होता, की तो तांत्रिक तपशील, कारणमीमांसा आणि पाठ अशा तीन पेपांत विभागावा लागला. घाट तेथे अपुरा पडू लागल्याचे ते लक्षण म्हणता येईल.

वॉलरसचा वाद

या पद्धतीची कसोटी लागली ती २०१८ मध्ये, ५७२ क्रमांकाच्या पेपच्या निमित्ताने. ख्रिस अँजेलिको यांनी फेब्रुवारीत मांडलेल्या या प्रस्तावाला पुढे टिम पीटर्स आणि स्वतः व्हान रॉसम हे सहलेखक लाभले. मागणी वरवर पाहता किरकोळ होती. एखादे मूल्य नावाला देणे आणि त्याच पदावलीत ते मूल्य तपासणे, या दोन क्रिया एकत्र लिहिता याव्यात. सी भाषेत ही मुभा पूर्वीपासून आहे आणि तुलनेच्या दुहेरी बरोबर-चिन्हाऐवजी एकेरी चिन्ह पडल्याने होणाऱ्या चुकाही तितक्याच जुन्या आहेत. त्या टाळण्यासाठीच पायथॉनने मूल्य देण्याच्या क्रियेला पदावलीत थारा दिला नव्हता. नव्या प्रस्तावाने := हे वेगळे चिन्ह सुचवून तो धोका टाळला. आडवे करून पाहिल्यास दोन डोळे आणि दोन सुळे दिसतात, म्हणून त्याला ‘वॉलरस’ हे टोपणनाव पडले.

दस्तऐवज म्हणून हा पेप उत्कृष्ट म्हणावा लागतो. नाकारलेल्या पर्यायांची त्यातील यादी लांबलचक आणि प्रामाणिक आहे. चिन्हांची अनेक रूपे, नावाची व्याप्ती मर्यादित ठेवण्याचा मूळ मसुद्यातील विचार, आणि ते का सोडून दिले याची कारणे तीत सापडतात. पुराव्याची बाजू मात्र तितकी भक्कम नाही. प्रोग्रामर आखूड ओळींपेक्षा कमी ओळी पसंत करतात याचा आधार म्हणून व्हान रॉसम यांनी ड्रॉपबॉक्स या कंपनीच्या कोडसंग्रहातील निरीक्षणे दिली आहेत. ते त्या काळी त्याच कंपनीत काम करीत होते. एका कंपनीच्या अंतर्गत लेखनसवयी जगभरच्या, विशेषतः नवशिक्या वापरकर्त्यांच्या सवयींचा नमुना मानता येतात काय, याचे उत्तर पेपमध्ये मिळत नाही.

वाद विकोपाला गेला. एकच गोष्ट करण्याचे दोन मार्ग झाले, वाचन अवघड झाले, असे विरोधकांचे म्हणणे होते आणि मुख्य विकसकांपैकीही काही जण विरोधात होते. जुलैमध्ये प्रस्ताव मान्य झाला आणि १२ जुलै २०१८ रोजी व्हान रॉसम यांनी निर्णयाधिकाराच्या पदावरून निवृत्त होत असल्याचे जाहीर केले. ‘आजीव कृपाळू हुकूमशहा’ ही त्यांची थट्टेने रूढ झालेली पदवी तेव्हा इतिहासजमा झाली. एखाद्या प्रस्तावासाठी पुन्हा इतके झगडावे आणि शेवटी इतक्या लोकांना आपला निर्णय तिरस्करणीय वाटावा, हे आता नको, असा त्यांच्या निवेदनाचा आशय होता. उत्तराधिकारी नेमण्याचेही त्यांनी नाकारले.

या घटनेचे वर्णन बहुतेक ठिकाणी थकलेल्या संस्थापकाची कहाणी म्हणून केले जाते. सहानुभूती योग्यच आहे, पण तेवढ्याने चिकित्सा पुरी होत नाही. २००३ मध्ये ज्या तत्त्वाने ३०८ क्रमांकाचा प्रस्ताव अडला होता, तेच तत्त्व २०१८ मध्ये लावले असते तर ५७२ क्रमांकाचा प्रस्तावही अडायला हवा होता. शंका होती, निर्णायक अनुकूलता नव्हती, आणि तरीही स्थिती बदलण्यात आली. ज्याला निर्णय द्यावयाचा होता तोच या वेळी प्रस्तावाच्या लेखकांपैकी एक होता. सहलेखक निर्णयकर्ता झाला की विरोधकाला नकाराची कारणे मिळतात, पण आपली बाजू तटस्थ व्यक्तीने तोलली असा विश्वास मिळत नाही. चिन्ह वापरात रुळले, ऑक्टोबर २०१९ च्या ३.८ आवृत्तीपासून ते पाठ्यपुस्तकांतही येऊ लागले; म्हणून प्रक्रिया निर्दोष होती असे मात्र अनुमान काढता येत नाही. लिखित कारणे वादाला आकार देतात. रुचीच्या प्रश्नावर मात्र कोणाच्या तरी शब्दाला अखेरचे मानावेच लागते. तो शब्द कोणाचा, हे अठरा वर्षे लिहून ठेवण्याची गरज भासली नव्हती, कारण तो एका माणसाचा होता.

ही उणीव लवकरच भरून काढण्यात आली. कारभाराच्या निरनिराळ्या रचना पेपांच्याच रूपाने मांडल्या गेल्या. डिसेंबर २०१८ च्या मतदानात मुख्य विकसकांनी नॅथानिएल स्मिथ व डोनाल्ड स्टफ्ट यांचा प्रस्ताव निवडला आणि २०१९ च्या आरंभी पाच सदस्यांचे पहिले सुकाणू मंडळ निवडून आले. एकाच कंपनीचे दोनांहून अधिक कर्मचारी मंडळात असू नयेत, ही त्यातील अट विशेष दूरदर्शी होती. पहिल्या पाचांत व्हान रॉसमही होते.

भार कोणावर?

अधिकाराचा प्रश्न असा सुटला. भाराचा प्रश्न मात्र त्याहून बिकट ठरला. पायथॉनच्या इंटरप्रिटरमध्ये ‘जागतिक कुलूप’ म्हणता येईल अशी एक व्यवस्था १९९२ पासून आहे. एका वेळी एकाच थ्रेडला पायथॉनच्या आज्ञा चालविता याव्यात, असा तिचा नियम. त्यामुळे इंटरप्रिटर साधा राहिला, पण अनेक गाभ्यांच्या प्रोसेसरची शक्ती वाया जाऊ लागली. कुलूप काढण्याचा ग्रेग स्टाइन यांचा नव्वदीच्या दशकातील प्रयत्न एका थ्रेडच्या साध्या आज्ञावली फार मंदावतात म्हणून मागे पडला. लॅरी हेस्टिंग्ज यांचा २०१६ च्या सुमाराचा प्रयत्नही सिद्धीस गेला नाही. २००७ मध्ये व्हान रॉसम यांनी एक अट जाहीर केली होती. एका थ्रेडच्या आज्ञावलीचा वेग घटणार नसेल, तर कुलूप काढणाऱ्या बदलाचे स्वागत होईल. नकार द्यावयाचा तर असा द्यावा. तो कोणत्या पुराव्याने मागे घेतला जाईल हे त्यातच सांगितलेले आहे.

सॅम ग्रॉस यांनी २०२१ मध्ये चालता नमुना दाखविला आणि जानेवारी २०२३ मध्ये ७०३ क्रमांकाचा पेप सादर केला. संदर्भमोजणीच्या पद्धतीपासून स्मृतिव्यवस्थापनापर्यंतचे बदल त्यात तपशीलवार आहेत. तथापि सुकाणू मंडळापुढील खरा प्रश्न तांत्रिक गुणवत्तेचा नव्हता. इतका खोलवरचा बदल पुढील दहा-वीस वर्षे कोण सांभाळणार, हा होता. चर्चेच्या काळात मेटा या कंपनीच्या वतीने, प्रस्ताव मान्य झाल्यास २०२५ अखेरपर्यंत तीन अभियंता-वर्षांचे श्रम देण्याची हमी देण्यात आली. ग्रॉस त्याच कंपनीत होते. जुलै २०२३ मध्ये मंडळाने मान्यतेचा इरादा कळविला आणि ऑक्टोबरमध्ये औपचारिक मान्यता दिली. बदल टप्प्याटप्प्याने होईल आणि फार विस्कळीतपणा झाल्यास तो मागे घेता येईल, ही मुभा राखूनच.

येथे दोन आक्षेप नोंदविणे आवश्यक आहे. पहिला असा, की २००७ ची अट अक्षरशः पुरी झालेली नाही. ३.१३ आवृत्तीतील प्रायोगिक बांधणी एका थ्रेडच्या आज्ञावलींत सुमारे ४० टक्के मंद होती. ऑक्टोबर २०२५ च्या ३.१४ आवृत्तीत, जेथे ही बांधणी ऐच्छिक पण अधिकृत झाली, हे अंतर अदमासे ५ ते १० टक्क्यांवर आले. प्रगती मोठी आहे, पण ‘घट नको’ पासून ‘थोडी घट चालेल’ पर्यंतचा प्रवास निर्णयकर्त्यांनी केला आहे, प्रस्तावकाने नव्हे. दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. मनुष्यबळाची हमी ही यापुढे मोठ्या प्रस्तावाची अलिखित अट ठरणार असेल, तर कंपनीचे पाठबळ नसलेल्या प्रस्तावकाने काय करावे? शिवाय जी हमी मिळाली ती इंटरप्रिटरपुरती. सी भाषेत लिहिलेल्या विस्तार-लायब्रऱ्यांचे देखभालकर्ते, ज्यांतील बरेच जण हे काम फावल्या वेळात करतात, त्यांनाही आपापला कोड नव्या व्यवस्थेसाठी तपासावा लागतो. त्यांचे श्रम कोणी मोजलेले नाहीत.

देवनागरी आणि ३१३१ क्रमांकाचा प्रस्ताव

महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत पायथॉन आता रुळलेली आहे. तेथील विद्यार्थ्याला थेट स्पर्श करणारा प्रस्ताव म्हणजे मार्टिन फॉन ल्योविस यांचा २००७ चा ३१३१ क्रमांकाचा पेप. जगातील अनेकांना इंग्रजी, किंबहुना रोमन लिपीही, परिचित नसते. त्यांना आपल्या आज्ञावलीतील नावे आपल्या लिपीत देता यावीत, ही त्याची भूमिका. २००८ च्या ३.० आवृत्तीपासून ही सोय उपलब्ध आहे. ‘बेरीज’, ‘सरासरी’, ‘एकूण_गुण’ ही नावे पायथॉनला चालतात. आरक्षित शब्द इंग्रजीच राहिले आणि मानक लायब्ररीत रोमन अक्षरे व शक्यतो इंग्रजी शब्दच वापरावेत असा दंडकही त्याच प्रस्तावात आहे. अंकांची गंमत आणखी वेगळी. ‘५’ हा देवनागरी अंक अक्षरमाला म्हणून दिला तर पायथॉन त्याचे संख्येत रूपांतर करतो, पण आज्ञावलीत संख्या म्हणून थेट लिहिला तर स्वीकारत नाही.

मान्य झालेल्या या प्रस्तावाच्या मजकुरातच विरोधकांचे म्हणणे शाबूत आहे. पडद्यावर एकसारखी दिसणारी नावे प्रत्यक्षात वेगळी असू शकतील, वाचणाऱ्याला डोळ्यांवर भरवसा ठेवता येणार नाही, सुरक्षेचे नवे धोके उद्भवतील, हे आक्षेप तेथे वाचावयास मिळतात. चौदा वर्षांनी ते अनाठायी नव्हते असे दिसून आले. अदृश्य व फसव्या चिन्हांनी कोडमध्ये लबाडी करता येते हे २०२१ मध्ये गाजले, तेव्हा युनिकोडच्या धोक्यांची नोंद करणारा ६७२ क्रमांकाचा पेप पेट्र व्हिक्टोरिन यांना लिहावा लागला.

या आक्षेपांत मराठीची एक विशिष्ट अडचण मात्र येत नाही. ‘ताऱ्यांची_संख्या’ हे नाव घ्या. यातील अर्धा र संगणकात दोन रीतींनी साठविला जातो. ऱ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून तो लिहिता येतो, किंवा साध्या र ला हलन्त आणि पुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. कीबोर्डागणिक रीत बदलते. छापील रूप एकच. पायथॉन पहिल्या रीतीचे नाव स्वीकारतो. दुसऱ्या रीतीतील अदृश्य चिन्ह नावात चालत नाही, म्हणून आज्ञावली त्याच ओळीवर थांबते आणि न छापता येणाऱ्या चिन्हाचा सांकेतिक क्रमांक दाखविणारी सूचना देते. शेजारच्या यंत्रावर तीच ओळ टंकलिखित करणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव बिनतक्रार चालते. दोघांनाही आणि पुष्कळदा शिक्षकालाही कारण कळत नाही.

यावर प्रस्ताव लिहावयाचा झाल्यास आतापर्यंतच्या नकारांनी घालून दिलेली वाट दिसते. लेखकांत कोणी मुख्य विकसक नसेल तर पहिल्या पेपनुसार प्रायोजक शोधावा लागेल. नावांत कोणती चिन्हे चालावीत याचे मूळ नियम युनिकोडचे आहेत, पायथॉन ते अनुसरतो. तेव्हा आधी तिकडे का गेला नाहीत, असे विचारले जाईल. अदृश्य चिन्हाला मुभा दिली तर एकसारख्या दिसणाऱ्या दोन नावांची २००७ ची शंका पुन्हा उभी राहील, आणि ऱ ची पहिली रीत उपलब्ध असताना स्थिती बदलावी कशाला, हे २००३ चे तत्त्व तिच्या मदतीला येईल. या चारही प्रश्नांची उत्तरे देता येत नसतील, तर मागणीच लहान करणे शहाणपणाचे. जोडचिन्हामुळे नाव अडले असेल तेव्हा ते चिन्ह कोणत्या अक्षरापुढे आहे आणि ऱ वापरून ते कसे टाळता येईल, एवढे चूक-सूचनेत आले तरी वर्गातील गोंधळ मिटेल. अशा किरकोळ दुरुस्तीला पेपची गरज नसते, प्रायोजकही लागत नाही. लागते ती चूक घडवून दाखविणारी दोन-चार ओळींची आज्ञावली, आणि अर्धा र म्हणजे काय हे मराठी न जाणणाऱ्या देखभालकर्त्याला इंग्रजीत समजेल असा एक परिच्छेद.